पट्ट्याला आईचा वास

जामबाग, हैदराबाद
११ जानेवारी २०२५

ती. इंदुताई यांस,
शोभाचा सा.न.वि.वि.

तुमच्या उदयच्या फोनवर नातीचा फोटो पाहिला असेलच. त्यात नात कमी आणि नळ्या जास्त, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि दोन ओळींच्या मेसेजवर तुमचं समाधान होत नाही. गौलीगुड्याच्या स्टँडवर उदगीर गाडीच्या कंडक्टरजवळ पाकीट देते आहे, उदयने तिकडे उतरवून घ्यावं.

प्रणिताचं ब्लडप्रेशर एकाएकी इतकं चढलं की डॉ. पद्मजांनी सातव्यातच ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. प्रणिता बरी आहे. तुमच्याकडे बाळंतपणाला यायची तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, तीच उचलून इथल्या कोठी भागाजवळच्या दवाखान्यात गेलो. तुम्ही डोहाळजेवणाला काढून ठेवलेली हिरवी साडी तशीच राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

बाळ अकराशे ग्रॅमचं आहे. जन्मल्यावर रडली, पण लगेच कण्हू लागली, प्रत्येक श्वासाला छाती आत ओढली जायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. ते मिटून चिकटू नयेत म्हणून आतून एक ओशट थर लागतो आणि तो शेवटच्या महिन्यांत तयार होतो. आपल्या बाळाजवळ तो पुरेसा नव्हता. मग तसाच थर देणारं औषध नळीने तिच्या श्वासनळीत सोडलं. आता नाकातून दाबाने हवा देतात. त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. बाटलीत बुडबुडे येत असले की दाब ठीक आहे समजायचं. मी काचेबाहेर उभी राहून बाळापेक्षा त्या बाटलीकडेच जास्त बघते.

दुसरी भीती अशी की एवढी लहान मुलं मधेच श्वास घ्यायची थांबतात. इथल्या सिस्टर म्हणतात, बच्ची सांस लेना भूल जाती. मग तळपायाला हलकी टिचकी मारायची, की तिला आठवतं. त्यासाठी औषधही चालू आहे, कॅफिन, कॉफीत असतं तेच.

तुम्ही पायाच्या प्लास्टरसकट इकडे येण्याचा हट्ट करू नका. आमच्यावरचा लोभ तूर्त सगळा त्या बाटलीकडे वळवावा, ही विनंती.

आपली,
शोभा


उदगीर
१३ जानेवारी २०२५

सौ. शोभाताई यांस,
इंदूचा स.न.वि.वि.

पत्र पावलं. मास्तरीणबाईंचं अक्षर आहे म्हणून बरं, ते फुग्यांचं आणि थराचं दोनदा वाचल्यावर डोक्यात शिरलं. आमच्याकडे बाळाला आधी मधाचं बोट चाटवायचे, तुमच्या हैदराबादेत आल्या आल्या कॉफी. असंच चाललं तर बारशाला इराणी चहा पाजाल.

चेष्टा करते आहे, कारण दुसरं काही सुचत नाही. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर बाथरूममध्ये घसरून पाय उशीवर ठेवून पडलेलं. माझं काम तुमच्या गळ्यात पडलं. तुमचे आभार मानायला हवेत हे कळतं, पण रागावू नका, मनातून आभार निघत नाहीत. तिच्या केसांवरून हात फिरवणारी बाई मी असायला हवी होते, एवढंच निघतं.

आता कामाचं. प्रणिताही थंडीतली. तिची छाती अशी भरायची की घरघर ओसरीवर ऐकू यावी. मी ओवा भाजून त्यात भीमसेनी कापूर घातला, पुरचुंडी करून तिच्या झबल्याला अडकवली आणि पोरगी मोकळी झाली. तशीच एक या पाकिटात आहे. बाळाच्या उशाशी ठेवून द्या. डॉक्टरांना विचारत बसू नका, ते नाहीच म्हणतील.

सोबत तिळगूळ आहे. प्रणिताला बाळंतपणात तीळ चालतात, तिला थोडे जास्त द्या. आमच्याकडे पायाचं सोडून सगळं ठीक. आपला लोभ आहे तसा राहू द्या, आणि पत्र मोठं लिहा.

आपली,
इंदू


जामबाग, हैदराबाद
१७ जानेवारी २०२५

ती. इंदुताई यांस,
शोभाचा सा.न.वि.वि.

तिळगूळ पोचला, प्रणिताने दोन खाल्ले. पुरचुंडीचं मात्र मी डॉक्टरांना विचारलं. जन्मभर वर्गातल्या मुलांना न विचारता काही करू नका म्हणत आले, आता तो नियम मोडवेना. त्या म्हणाल्या की सध्या नको. बाळाजवळ कुठलाच वास नको, अत्तर, पावडर, उदबत्ती, काहीच नाही. नंतर बघू. पुरचुंडी मी कपाटात जपून ठेवली आहे, वाईट वाटून घेऊ नका.

बातमी चांगली आहे. बाळाची छाती आता तितकी आत ओढली जात नाही. आणखी एक नवीन उपचार सुरू करायचा आहे. त्याला यंत्र नाही, औषध नाही, फक्त आई लागते. बाळाला लंगोट-टोपीवर प्रणिताच्या उघड्या छातीवर उभं निजवायचं आणि वरून दोघींना मिळून पट्टा बांधायचा. आईच्या अंगाच्या उबेने आणि तिच्या श्वासाच्या लयीने बाळाचा श्वास स्थिर होतो, असं डॉक्टर सांगतात. मला आधी खरं वाटलं नाही. पण शेजारच्या एका तेलुगू बाईला तसं बसलेलं पाहिलं, तिचं बाळ आईच्या बरोबरीने श्वास घेत होतं.

दवाखान्याचा पट्टा जाड आणि खरखरीत आहे, प्रणिताच्या टाक्यांना लागतो. मऊ सुती पट्टा घरून आणा म्हणाले. माझं शिवणकाम तुम्हाला माहीत आहे. आदित्य-प्रणिताच्या लग्नात ऐन मुहूर्ताला ब्लाउजची बाही उसवली तेव्हा मी सेफ्टी पिना लावून आले होते, आणि तुम्ही मला खोलीत नेऊन शिवून दिली होती. तेव्हा हे काम तुमचंच. तुमच्या हाताला जुन्या साडीचं काम दिलं की पायाचं दुखणंही विसराल.

लोभ असावा, आणि टाके बारीक असावेत.

आपली,
शोभा


उदगीर
२० जानेवारी २०२५

सौ. शोभाताई यांस,
इंदूचा स.न.वि.वि.

पट्टा पाठवते आहे. माझी नारायणपेठी आहे, अंजिरी रंगाची. हिच्याच पदराखाली प्रणिता दूध प्यायली. धुऊन धुऊन अशी झाली आहे की अंगावर आहे का नाही ते कळू नये. उदयला पलंगाजवळ ट्रंक ओढायला लावली आणि बसल्या बसल्या एका दिवसात पट्टा शिवून काढला. काठ दुहेरी घातला आहे म्हणजे बाळाच्या मानेशी घडी पडणार नाही. तो उसवू नका. ट्रंकेत कापूर असतो, त्यामुळे थोडा वास येईल, तो माझ्या सगळ्याच साड्यांना येतो. तीनदा धुऊन उन्हात वाळवला आहे, तुम्ही पुन्हा धुवायच्या भानगडीत पडू नका.

पत्र वाचून मला तुमचा जरा हेवा वाटला. माझ्या मुलीच्या छातीवर माझी नात निजणार आणि बघणार तुम्ही. तेवढं सगळं लिहा, काही गाळू नका. पाचवीला घरी दिवा लावला होता का तेही लिहिलं नाहीत.

माझ्या वाटचं मायेचं काम तुम्ही करता आहात, तेवढाच लोभ मला पुरे.

आपली,
इंदू


जामबाग, हैदराबाद
२३ जानेवारी २०२५

ती. इंदुताई यांस,
शोभाचा सा.न.वि.वि.

आज गाळायचं काहीच नाही. पाचवीला दिवा लावला होता, पाटावर बाळाऐवजी तिची टोपी ठेवली होती. परवा बुडबुड्यांची बाटली काढली. आता नाकाला फक्त बारीक नळीने थोडा प्राणवायू आहे, आणि आपली नात बाकीचा श्वास स्वतः घेते.

पट्टा काल सकाळी आला. प्रणिताने पाकीट उघडलं, कापड नाकाशी धरलं आणि रडायला लागली. ऑपरेशन झालं, बाळाला नळ्या लागल्या, तेव्हा ती रडली नव्हती. म्हणाली, आईचा वास आहे. सिस्टरांचा नियम आहे की घरून आणलेलं प्रत्येक कापड पुन्हा उकळत्या पाण्यातून काढायचं. मी बादली भरली होती, पण तिने पट्टा हातातून सोडला नाही आणि मला तो ओढून घेववेना. सिस्टरांनी विचारलं धुतलाय का, मी हो म्हटलं. तुम्ही तीनदा धुतला होताच.

मग बाळ तिच्या छातीवर दिलं. एवढीशी पाठ, तिच्यावर प्रणिताचा तळहात, वर तुमचं अंजिरी कापड, त्यावर दवाखान्याचा गाऊन. आदित्यच्या बाबांनी, अविनाशांनी, काचेतून पाहिलं आणि चष्मा पुसायला बाहेर गेले. आज दुपारी मात्र एकदा बाळ श्वास विसरलं, टिचकीने लगेच आठवला. सिस्टर म्हणाल्या, होता है.

तुमचा हेवा मी समजू शकते. मला मम्मीच ठेवून आदित्यने तुम्हाला आई म्हणायला सुरुवात केली तेव्हा मलाही असंच झालं होतं. असो. लोभ दोन्हीकडून सारखा वाढो.

आपली,
शोभा


हैदराबाद
२६ जानेवारी २०२५

आदरणीय आई,
सा. नमस्कार.

मी आदित्य. माझं मराठी लिहिणं किती खराब आहे ते मम्मीला विचारा, पण आज ती लिहायच्या हालतमध्ये नाही म्हणून मी लिहितो. आधी सांगतो की बाळ आहे. पुढचं त्यानंतर वाचा.

परवापासून बाळ प्रणिताकडे दिलं की थोड्या वेळाने श्वास थांबवते. इनक्युबेटरच्या पेटीत ठेवलं की ठीक, छातीवर घेतलं की पुन्हा. काल टिचकी मारली, पाठ चोळली, तरी श्वास आला नाही. ती निळी पडली. सिस्टरने तिला प्रणिताच्या अंगावरून उचललं आणि छोट्या मास्कने हवा दिली. मी काचेच्या या बाजूला होतो. आई, तेवढा वेळ मी पण श्वास घेतला नसेन.

बुडबुड्यांची बाटली परत लावली आहे. इन्फेक्शन असेल म्हणून रक्त तपासायला दिलं, अँटिबायोटिक चालू केलं. पुन्हा असं झालं तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल म्हणतात. डॉक्टर खूप अच्छे आहेत, पण त्यांचा पण चेहरा उतरलेला आहे.

प्रणिता फक्त दूध काढायला उठते. एकदाच बोलली, की माझ्याच अंगात काहीतरी खराबी आहे, पोटात सांभाळता आलं नाही आणि आता छातीवरही नाही. बाळाला घेणार नाही म्हणते. दूध काढून बाटलीत देते आणि लॉबीत भिंतीकडे तोंड करून बसते. पट्टा तिने पिशवीत भरून ठेवला.

तुम्हाला परेशान करायचं नव्हतं, पण तुम्ही म्हणता काही गाळू नका. तुम्ही तिला दोन लाइन लिहा. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

तुमचा,
आदित्य


उदगीर
२७ जानेवारी २०२५

शोभाताई,

आज मायना नीट लिहिता येत नाही, समजून घ्या. आदित्यचं पत्र वाचून संपायच्या आधीच मी उदयला बँकेतून बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून फोन करवला. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, म्हणून माझ्या हाताने लिहिते.

पट्ट्याच्या दुहेरी काठात मी ओवा आणि कापूर शिवला आहे. मानेशी येणाऱ्या बाजूला, सगळ्या लांबीत पसरून, म्हणजे टोचू नये. ट्रंकेचं निमित्त सांगितलं, धुवू नका म्हटलं, ते त्याचसाठी. तुम्ही लिहिलं होतं की डॉक्टर म्हणतात सध्या नको, नंतर बघू. मला वाटलं, मोठ्या दवाखान्यात आपल्या घरच्या औषधाला हसतात तसं हे आहे. तुम्ही विचारून घोळ केलात, आता मी न विचारता करते. माझी पोर त्याने जगली असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

प्रणिताच्या अंगात काही खराबी नाही. ते तिला आधी सांगा, बाकी सगळं मागाहून. तिला माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगा. लेकीच्या सासरी मान खाली घालायची वेळ आली तर घालीन, पण ती पोर भिंतीकडे तोंड करून बसलेली मला सोसत नाही. बाळाचं काही बरंवाईट झालं तर मी कुठे तोंड दाखवू.

जे होईल ते लगेच कळवा. आज लोभ मागायला जीभ उचलत नाही.

इंदू


जामबाग, हैदराबाद
२९ जानेवारी २०२५

ती. इंदुताई यांस,
शोभाचा सा.न.वि.वि.

आधी बाळाचं. तिला घशात नळी घालावी लागली नाही. बाटली अजून चालू आहे, पण पट्टा दूर झाल्यापासून ती दोनदाच श्वास विसरली आणि दोन्ही वेळा टिचकीवर परत आली. रक्तात इन्फेक्शन सापडलं नाही.

उदयचा फोन येताच आदित्यने पट्टा डॉक्टरांपुढे ठेवला. त्या म्हणाल्या की कापराचंच सगळं, असं छातीठोक सांगता येणार नाही, एवढी लहान मुलं तशीही श्वास थांबवतात. पण अंगाच्या उबेने कापूर उडतो, तो बाळाच्या नाकाशीच होता, आणि तान्ह्या बाळाचा श्वास त्याने बंद पडू शकतो. त्या मला रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

आता ऐका. तुम्ही सगळं स्वतःवर घेता आहात, ते मला मान्य नाही. मी पुरचुंडीचं विचारलं तेव्हा डॉक्टर फक्त सध्या नको म्हणाल्या नव्हत्या. कापूर या बाळाला विष आहे, असं त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या. मी ते तुम्हाला लिहिलं नाही. मुलीच्या आईने मायेने पाठवलेल्या वस्तूला विष कसं म्हणायचं, विहिणीचा मान राखायला नको का, म्हणून मी ते गोड करून लिहिलं. वर सिस्टरांनाही धुतलाय म्हणून सांगितलं. इंदुताई, तुमचा मान राखता राखता आपण दोघींनी त्या पोरीचा श्वास पणाला लावला. यापुढे मी तुम्हाला तोंडावर लिहीन आणि तुम्हीही मला तसंच लिहा.

प्रणिताला मी सांगितलं आहे की तुमची पुरचुंडी माझ्या कपाटात होती, ती मीच सोडून पट्ट्याच्या काठात शिवली. आदित्यला गप्प बसवलं आहे. तिला तुमचं नाव सांगू नका. या घडीला तिला आईवर रागावायची ताकद नाही. सासूवर रागावली तर मी समर्थ आहे. तिने ऐकून घेतलं. बाळाला अजून घेतलेलं नाही. काल मी पट्टा उसवला, पाच वेळा उकळून धुतला आणि तिच्या बाजूला ठेवून आले.

आता आपल्यात लोभ मागायचा प्रश्न उरला नाही, तो आहेच.

आपली,
शोभा


जामबाग, हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
प्रणिताचा शि.सा.न.

खूप दिवसांनी तुला लिहायला बसले. काल बाळाच्या नाकातली शेवटची नळी काढली. आता ती आपली खोलीतली साधी हवा घेते. आठवडाभर श्वास विसरलेली नाही. वजन सोळाशेच्या घरात आलं आहे आणि चमच्याने दूध पिते. मी हे तुला फोटोत न पाठवता लिहून कळवते आहे, कारण ते शब्दात वाचायचा हक्क तुझा आहे.

आई, मी दोन दिवस तुझ्यावर खूप रागावले होते. लिहून टाकते म्हणजे मनात उरणार नाही. हो, तुझ्यावरच. सासूबाईंनी मला सांगितलं की पुरचुंडी त्यांनी शिवली. मग त्या उसवलेला पट्टा माझ्याजवळ ठेवून गेल्या. काठावर टाक्यांची भोकं तशीच होती, बारीक, एकसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. ज्या बाईने स्वतःच्या मुलाच्या लग्नात बाहीला पिना लावल्या तिने हा काठ शिवला म्हणे. माझे शाळेचे फ्रॉक तू शिवायचीस. तुझा हात मी ओळखणार नाही का?

मी त्या काठावरून बोट फिरवत बसले. आधी कळलं की दोष माझ्या अंगात नव्हता. मग तुझा राग आला. आणि मग कळलं की काचेबाहेर ताटकळत उभी असलेली ती बाई माझा राग स्वतःवर ओढून घ्यायला तयार होऊन उभी आहे, का तर माझी आई माझ्यापासून तुटू नये. मी उठले, हात धुतले आणि सिस्टरांना म्हटलं की बाळ द्या. फार भीती वाटत होती. पहिला अर्धा तास मी तिच्या पाठीवरून नजर काढली नाही, एका हाताचं बोट तिच्या तळपायाशीच होतं. तिने टिचकी मारायची वेळच आणली नाही. माझ्यामागून श्वास घेत राहिली.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्या अजून समजतात की मला शिवणातलं काही कळत नाही. तूही सांगू नकोस. पण येशील तेव्हा त्यांना एखादा सरळ टाका तरी शिकव, नाहीतर पुढच्या वेळीही त्यांचं खोटं टाक्यांवरूनच उघडं पडेल.

तुझं प्लास्टर निघालं की ये. पट्टा नको, पुरचुंडी नको, साडीही ट्रंकेतली नको, दोरीवर वाळलेली साधी नेसून ये. इथे कोपरापर्यंत हात धुवायला लावतात. ते झालं की तिला तुझ्या छातीवर देईन. माझ्या मुलीला तुझा वास पहिल्यांदा तुझ्याकडूनच येऊ दे.

तुझी,
प्रणिता